बेचाळीस सवाऱ्यांनी पाहिलेली गाय

नागपूर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

सौ. दामिनीताईस,
धाकट्या पिंटूचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको वं ताई, बाबा ठीक आहेत. म्हणजे शनिवारी जेवढे ठीक नव्हते, तेवढेच आजही नाहीत. कागद काहून, तर काल फोनवर आपण दोघांनी मिळून अकरा मिनिटं नुसतं नाक ओढलं. तू हॅलो म्हटलं की मले रडू येते, अन् मी खोकल्याचं नाटक केलं की तुले कळते. कागदाला नाक नाही. म्हणून आजपासून रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकून चारच्या भिवापूर गाडीनं पाठवीन, तू सकाळच्या भरल्या डब्यातून उत्तर टाक. चंपतराव ड्रायव्हरचा डबा म्हटल्यावर कंडक्टर लोक तो मांडीवर घेऊन आणतात, मंत्र्याच्या नातवासारखा.

आता बातमी. हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्या आहेत. बायपास करावी लागेल, शुक्रवारी सकाळचा नंबर लागला आहे. डॉक्टर म्हणजे अरुंधती मॅडम, पस्तिशीच्या असतील, बोलतात कमी. त्यांनी मले बाहेर बोलावून सरळ सांगितलं की हे हृदय होळीपर्यंत वाट पाहणार नाही. इथे हसायचं काही नाही, तू पुढच्या ओळीवर चल.

पुढची ओळ अशी की बाबा नाही म्हणाले.

आधी त्यांनी विचारलं, बेहोश करणार का. मॅडम म्हणाल्या, हो. किती वेळ, तर चार-पाच तास. झालं! छत्तीस वर्षं एसटी चालवली, स्टिअरिंगवर कधी डोळा मिटला नाही, अन् आता ही पोरगी म्हणते तुम्ही झोपा, मी चालवते. पाच तासांत गाडी अमरावतीला पोचून, चहा घेऊन परतीला लागते, तेवढा वेळ मी झोपून राहू काय, असं म्हणे. मॅडमनं समजवायला कागदावर हृदय काढलं अन् सांगितलं की थोडा वेळ हे बंद ठेवू, तोवर मशीन काम करेल. तिथेच त्या फसल्या. बाबांनी विचारलं की जानेवारीच्या थंडीत बंद केलेलं इंजिन परत सुरू होईलच याची काय गॅरंटी, अन् नाही झालं तर धक्का कोण मारेल. मॅडम जराही न हसता म्हणाल्या की धक्का मारायची मशीन असते आमच्याकडे. बाबांनी चित्राच्या कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मले वाटलं जमलं. तर म्हणतात, घरी चला.

व्हीलचेअरवरही बसत नाहीत. मागून कोण ढकलून राहिला ते दिसत नाही, म्हणून. मी ड्रायव्हर आहो, सवारी नाही, हे त्यांनी वॉर्डबॉयला तीनदा ऐकवलं. तो बिचारा आता चेअर समोरून ओढतो अन् बाबा मागून चालत, वळणावर त्याला हात दाखवतात.

मी चहा प्यायला खाली गेलो होतो, तर पतंगवाल्याकडे थोडा वेळ गेला. थोडा म्हणजे दीड तास. एका माणसाकडे नवरा-बायकोचं चित्र असलेला पतंग होता, तो म्हणे असा पतंग कधी सरळ उडतच नाही. ते जाऊ दे. वर आलो तर बाबा बूट घालून खाटेवर बसलेले, पिशवी मांडीवर.

तू लोणच्याच्या बरणीपायी स्टुलावर चढून पाय मोडून घेतला नसता, तर आज इथे तू असती अन् मी नेहमीसारखा कुठेतरी असतो. हे सगळं तुझ्या बरणीचं केलेलं आहे.

माझ्यावर लोभ आहेच तुझा, तो प्लास्टर निघेपर्यंत तरी टिकव. नंतर पळता येईल तुले, मग पाहू.

तुझा,
पिंटू


भिवापूर,
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

चि. पिंटूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे.

पत्र मिळालं. धक्क्याच्या मशीनपर्यंत आले आणि अशी हसले की प्लास्टरच्या आत खाज सुटली. स्वेटरची सुई आत घालून खाजवत होते, तेवढ्यात तुझे भाऊजी आले. त्यांना वाटलं, काळजीने माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर दोन दिवस फिरलंच होतं. खाटेवर पडून भिंतीकडे पाहण्याशिवाय काम नाही, आणि भिंतीवर काही लिहिलेलं नसतं. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा जेवले.

म्हणून आता कायदा ऐक. रोज एक पत्र, आणि प्रत्येक पत्रात मला एकदा तरी हसवायचं. नाही हसले तर डब्यात ठेचा नाही. नुसती भाऊजींच्या हातची दुधीभोपळ्याची भाजी खा. ती कशी लागते ते तू सोमवारी चाखलीच आहेस. मीठ कुठे असतं ते त्यांना सापडलं आहे, पण किती घालायचं ते अजून सापडायचं आहे. दुसरं कलम असं की ज्याची भीती वाटेल तेच आधी लिहायचं. पतंगवाल्याचं शेवटी.

आणि दीड तास पतंगवाल्याकडे? चोवीस वर्षांत तू एका जागी सलग चार दिवस राहिल्याचं मला आठवत नाही. आयटीआय दुसऱ्या वर्षी सोडलं, इटारसीची कँटीन सोडली, रामटेकच्या जत्रेत पाळणा फिरवायला गेलास तर पाळण्यावाल्यासोबतच पुढच्या जत्रेला निघून गेलास. या वेळी तरी बाबांच्या खाटेजवळचं स्टूल सोडू नको गा. बाबांजवळ तूच आहेस.

एक गोष्ट मला पटत नाही. बाबा सुईला, रक्ताला भीत नाहीत. ब्रेक फेल झालेली गाडी त्यांनी घाटात थांबवली होती. मग झोपेला काय भितात? या माणसाच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे. सरळ विचारू नको, सरळ विचारलं की ते हवामानावर बोलतात. आडून विचार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत संमतीच्या कागदावर सही झाली पाहिजे, नाहीतर शुक्रवारचा नंबर जाईल. मग मी हा प्लास्टरचा पाय घेऊन टेम्पोने येईन, आणि भाऊजींनाही आणीन, स्वयंपाकासकट.

आशीर्वाद आहेतच. ते पत्राच्या लांबीप्रमाणे वाढतील.

तुझी ताई,
दामिनी


नागपूर,
बुधवार, ८ जानेवारी २०२५, दुपार

सौ. ताईस,
पिंटूचा सा. न. आणि ठेच्याबद्दल वेगळा साष्टांग.

ठेचा पोचला. इथे पेशंटला फिक्कं जेवण, अन् नातेवाइकांना भिवापूरची मिरची, असा अन्याय आहे. बाबांना वास जाऊ नये म्हणून मी जिन्यावर जाऊन जेवतो. तरी परत आलो की ते माझ्या बोटांकडे पाहतात. चोराकडे पोलीस पाहतो, तसं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आडून विचारायला मी शेजारच्या खाटेवरचे मनोहरराव निवडले. तहसील कचेरीतून रिटायर, सभ्य माणूस, त्यांचंही हेच ऑपरेशन, उद्याच. मी म्हटलं, काका, तुम्ही जरा समजवा. ते समजवायला बसले अन् पाचव्या मिनिटाला निघालं की अठ्ठ्याण्णव साली पाचगावच्या थांब्यावर त्यांनी हात दाखवला होता अन् बाबांनी गाडी थांबवली नव्हती. बाबा म्हणाले, गाडी फुल होती. मनोहरराव म्हणाले, मागचं अख्खं बाक रिकामं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा म्हणाले, ते बाक तुटकं होतं. दोन हृदयरोगी असे भांडले की सिस्टर धावत आली अन् दोघांचं बीपी घेतलं. मधे पडदा ओढला आहे आता.

मग अरुंधती मॅडम राउंडला आल्या, तर बाबांनीच त्यांची परीक्षा घेतली. काल रात्री किती वाजता झोपल्या? दहा. चष्म्याचा नंबर कधी तपासला? दिवाळीत. काम करताना कधी डुलकी? कधीच नाही. जेवण जड घेता का? ऑपरेशनच्या दिवशी दोन इडल्या. बाबा मान डोलावत होते. मले वाटलं, लायसन देतात की काय. मग मॅडमनं सहज, गमतीनं विचारलं, की तुमच्या रेकॉर्डवर आहे का काका एखादा अपघात?

ताई, बाबांचा चेहरा एकदम उतरला. भिंतीकडे तोंड करून पडले. मॅडम मले म्हणाल्या, मी काही चुकीचं बोलले का? मले काय माहीत! उठल्यावर म्हणतात, उद्या सकाळच्या गाडीनं घरी. पिशवी परत भरली आहे. या वेळी तोंड धुवायचा मगसुद्धा आत टाकला, म्हणजे मामला पक्का आहे.

तुझं दुसरं कलम पाळतो. मले भीती कशाची वाटते, तर ती ऑपरेशनची नाही वं. ते ऐकत नाहीत, घरी येतात, अंगणात खुर्ची टाकून बसतात, अन् एक दिवस मी कुठल्या तरी जत्रेत पाळणा फिरवत असतो, अन् फोन येतो, याची. आईच्या वेळी मी इटारसीला होतो. पोचलो तेव्हा घरात माणसं चहा पिऊन राहिली होती. मले कोणी काही बोललं नाही, बाबांनी तर माझ्यासाठी कप धुतला. तो कप मले अजून

यात हसण्यासारखं काय ते शोधतो, जरा थांब. खिडकीसमोरून एक कटलेला पतंग खाली येऊन राहिला आहे, लाल, एकदम मोठा, अन् झाडाला अडकला नाही तर सरळ गेटपाशी. दोन मिनिटांत आलोच.


(त्याच कागदाच्या मागे)

नागपूर, दि. ८/१/२०२५
वेळ दुपारचे ३.१०

चि. सौ. दामिनीस,
चंपतरावचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खुलासा करण्यात येतो की सदर डबा मी उघडला. डबा नीट घासला आहे की नाही, हे तपासण्यासाठी उघडला. तळाला ठेचा शिल्लक होता, तो वाया जाऊ नये म्हणून अर्धा चमचा घेतला. पिंट्याला सांगू नये. त्याखाली चिठ्ठी होती. डबा माझ्या नावाचा, म्हणून आतला कागदही माझाच समजून वाचला. पिंट्या पतंगामागे गेला त्याला चाळीस मिनिटं झाली.

त्यानं लिहिलेलं पुष्कळसं खरं आहे. फक्त बाक तुटकं होतं, यावर मी कायम आहे.

बाई, कप मी धुतला, कारण त्या वेळी हाताला काही काम पाहिजे होतं. त्या पोराला वाटते मी रागावलो होतो. मी काय रागावणार! आता त्यानं भीती लिहिली, तर मीही लिहितो. तोंडानं मले हे जमलं नसतं.

दि. १७ मे २००३, शनिवार, दुपारी सुमारे अडीच वाजता, मौजे उमरेड ते भिवापूर या मार्गावर मी स्टिअरिंगवर झोपलो.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. लिहून पेन खाली ठेवला, पाणी पिलो.

उमरेडला लग्न होतं. आमचीच गाडी पाहुण्यांना घेऊन परत निघणार होती, म्हणून मले अन् कंडक्टर गिरिधरले त्यांनी मांडवात नेऊन बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, अन् बुंदी. बुंदी वाढणारा माणूस हात आखडत नव्हता. वरून मे महिन्याचं ऊन. गाव सोडून चार किलोमीटर गेलो असेन. त्यानंतरचं मले आठवते ते एवढंच की गाडी वखरलेल्या वावरात उभी, समोर धुऱ्या-बांधावरची बाभूळ, अन् माझा पाय ब्रेकवर. कोणाले खरचटलंही नाही. मी म्हटलं, गेली नोकरी. आता मागून शिव्या येतील.

तर मागून गिरिधर ओरडला, गाय! गाय वाचवली!

बाई, गाय कुठेच नव्हती. पण बेचाळीस सवाऱ्या खाली उतरल्या अन् बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी ती पाहिली होती. कोणी म्हणे पांढरी, कोणी म्हणे तांबडी, एक म्हातारी म्हणाली सोबत वासरू होतं. माझ्या पायावर डोकं ठेवलं लोकांनी. मी तोंड उघडलं होतं खरं सांगायले, पण तोंडात कोणीतरी बुंदीचा लाडू कोंबला. मग पेपरात आलं. डेपोत सत्कार झाला, मले शाल अन् नारळ, गिरिधरले नुसता नारळ. तुझी आई सगळ्यांना सांगत फिरायची. तिलेही मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती गेली.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस डेपोत आला. म्हणे माझी गाय त्या शनिवारपासूनच हरवली आहे, तुम्ही वाचवली ती कोणत्या दिशेनं गेली? आता मी काय सांगणार? पूर्वेकडे बोट दाखवलं. तो बिचारा उन्हात गेला. मी दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी तो गाय घेऊन परत आला अन् माझ्या पाया पडला.

इथे मले हसू आलं, बाई. एकटाच हसलो. पडद्यापलीकडून मनोहररावांनी विचारलं, काय झालं. बावीस वर्षं हे मले चोरीसारखं टोचलं, अन् लिहून पाहतो तर तमाशातल्यासारखं वाटून राहिलं.

आता मुद्दा. आमच्या डेपोतल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तर तो बेहोशीत सगळं बोलला. सासूबद्दलचंसुद्धा. सासू बाहेर उभी होती. मले भीती मरायची नव्हती. पाच तास मी बेहोश, अन् मॅडमसमोर, सिस्टर लोकांसमोर, पोरासमोर हे बकलो तर? म्हणून नाही म्हणत होतो. पण आता बेहोशीत बोललो तरी जुनीच बातमी. तू वाचलीच आहेस.

सिस्टरकडून संमतीचा कागद मागवून घेतला. पेन हातात होताच. सही केली.

माझं काही कमीजास्त झालंच, तर हे सगळं गिरिधरले कळव. तो कळमेश्वरला असतो. त्याच्या भरवशावर मी हिरो झालो, अन् त्याले फसवलं. दर दिवाळीले भेटतो, पण गायीचा विषय निघाला की मी उठून चहा सांगतो.

पिंट्या येऊन राहिला, जिन्यावर आवाज आला. पतंग फाटलेला दिसते. थांबवतो.

आशीर्वाद आहेत. तुझ्या पायाला आराम पडो, अन् जावई विक्रमरावांना मिठाचा अंदाज येवो.

तुझा बाप,
चंपतराव


भिवापूर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,
दामिनीचा, प्लास्टरमुळे जमिनीपर्यंत पोचत नाही असा, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा रडत, दोनदा हसत. तिसऱ्यांदा यांना वाचून दाखवलं, तर हे शेवटपर्यंत विचारत राहिले की मग गाय गेली कुठे.

बाबा, आईला हे कळलं असतं तर तिनं काय केलं असतं सांगू? पहिल्या दिवशी बोलली नसती. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, बुंदी किती खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून उभ्या गावाला सांगितलं असतं, पहिल्यापेक्षा जास्त रंगवून. तुम्ही तिच्या हातची एक चांगली गोष्ट घालवली, एवढाच तुमचा गुन्हा. तो मी माफ केला आहे.

आता माझा गुन्हा. तुम्ही लिहिलंत की काही कमीजास्त झालं तर गिरिधरकाकांना कळव. कमीजास्त व्हायची वाट कोण पाहत बसेल? मी आज सकाळीच तुमच्या पत्राची नक्कल केली आणि यांच्या हाती स्पीड पोस्टाने पाठवली. ठेच्याचा भाग गाळला. आता तुम्हाला शुद्धीवर यावंच लागेल, कारण काकांना उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. मी देणार नाही.

उद्या मॅडमला गाडी नीट चालवू द्या. मधे सूचना करू नका.

पिंट्याला सांगा, कपाचं मी वाचलं. त्यावर मला पत्रात लिहिता येत नाही. तुम्हीच त्याच्याशी बोला. पडदा ओढलेलाच आहे.

तुमचे आशीर्वाद मला पुरून उरतात, तरी जास्तीचे हवेतच. शनिवारच्या चिठ्ठीखाली सही तुमच्या हातची पाहिजे.

तुमची,
दामिनी


नागपूर,
संक्रांत, मंगळवार, १४ जानेवारी २०२५

सौ. ताईस,
पिंटूचा सा. न. वि. वि., अन् तिळगूळ, जो इथे सिस्टरने जप्त केला.

फोनवर शुक्रवारी तुले नुसतं झालं, बरं आहे, एवढंच बोललो, कारण नाकाची पंचाईत. आता सगळं सांगतो.

सकाळी आठला नेलं. बाबा स्ट्रेचरवर पडले, काही कुरकुर नाही. दाराशी माझा हात धरून म्हणाले, त्या दिवशी तू दहा तास उभ्यानं प्रवास करून आला होता, म्हणून मी तुझ्यासाठी कप धुतला, दुसरं काही नव्हतं. एवढंच. अन् दार बंद झालं.

मी बाहेरच्या हॉलमध्ये कागद घेऊन बसलो. तुझा कायदा पाळायचा होता. एक तास गेला, कागदावर फक्त बाबा एवढं लिहिलेलं. दुसऱ्या तासात त्याखाली रेघ मारली. बाजूला मनोहररावांची बायको सिंधूताई बसल्या होत्या. मनोहररावांचं आदल्या दिवशी झालेलं, ते आत आयसीयूत. सिंधूताई म्हणाल्या, काय लिहितो रे, मघापासून पेन चावून राहिला. मी खरं सांगितलं की हसण्यासारखं काही सुचत नाही. मग माझ्याकडे बाबांच्या पत्राचा फोटो होता ना, डबा पाठवायच्या आधी चिठ्ठीमागे त्यांचं अक्षर दिसलं म्हणून मोबाईलवर काढलेला, तो त्यांना वाचून दाखवला.

मी हळूच वाचत होतो. पण बुंदीपर्यंत पोचलो तर मागच्या रांगेतला माणूस पुढे सरकला. गाय आली तेव्हा चौदा-पंधरा जणं भोवती. सगळ्यांचं कोणी ना कोणी आत होतं, कोणी सकाळपासून पाणी पिलेलं नव्हतं. हरवलेल्या गायीचा मालक आला तर एक आजोबा असे हसले की वॉचमन आला अन् म्हणाला, हे हॉस्पिटल आहे. आजोबांनी त्यालाच बसवलं अन् मले म्हणाले, पहिल्यापासून वाच, ह्याले कळलं नाही. असं करता करता एक वाजला. अरुंधती मॅडम बाहेर आल्या, टोपी काढली, अन् माझ्याकडे येऊन म्हणाल्या की गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, धक्का लागला नाही. तिथे मात्र मी रडलो वं. हॉलमधल्या सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही.

शनिवारी नळी काढली. आवाज फाटलेला. पहिलं वाक्य काय असेल? मी काय बोललो. मॅडमला विचारलं, सिस्टरला विचारलं, मले विचारलं. मॅडम म्हणाल्या, काका, तोंडात एवढी मोठी नळी होती, तुम्ही बोलणार कसे? एक अक्षर बोलला नाही.

ताई, माणूस खुश व्हायला पाहिजे ना? बाबांचं तोंड एवढंसं झालं. बावीस वर्षं ज्याची तयारी केली तो पेपरच रद्द झाला. काल वॉर्डात आणलं, मनोहरराव आधीच तिथे. बाबांनी पडदा स्वतः सरकवला, घसा साफ केला अन् म्हणाले, मनोहरराव, तुम्हाले एक गोष्ट सांगतो, २००३ सालची. मनोहरराव म्हणाले, गायीची ना? ती गाभण होती म्हणे.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाटेखाली जायच्या बेतात होतो. पण मनोहररावांना हसू आलं, छातीला टाके, तर त्यांनी उशी छातीशी धरली अन् उशीसकट हलत राहिले. ते पाहून बाबांनीही उशी धरली. दोघं उशा कवटाळून, डोळ्यांतून पाणी, अन् आवाज काढता येत नाही. सिस्टरने येऊन फर्मान काढलं की या दोन खाटांवर आठ दिवस हसायला बंदी. बाकाचं भांडण मात्र मिटलं नाही.

मी इथेच आहे. आज नऊ दिवस झाले एका जागी. वॉर्डबॉय मले ड्युटी विचारायले लागला.

तिळगूळ घे. बाकी जीव लावतेच तू, त्यात काटकसर नको.

तुझा,
पिंटू


कळमेश्वर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय मित्र चंपतराव यासी,
गिरिधरचा रामराम वि. वि.

पोरीचं पत्र भेटलं. ऑपरेशन झालं, तू बरा आहे, हे फोनवर समजलं. मले भेटायले यायचं आहे, पण आधी हे लिहून टाकतो. समोर बसून मले हे सांगता येणार नाही, अन् तूही चहा सांगशील.

चंपत, तू झोपला होता हे वाचून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. घरच्यांना वाटलं मले राग आला. राग कायचा गा? बावीस वर्षं मी तुले घाबरून राहिलो होतो. दर दिवाळीले वाटायचं, आज हा विषय काढीन, अन् म्हणीन, काहून बे गिरिधर, त्या दिवशी घंटी काहून नाही मारली? तू चहा सांगायचा तर मी देवाचे आभार मानायचो.

कारण मी पण झोपलो होतो. तिकिटं फाडून झाली, पेटी मांडीवर घेतली, अन् पोटात ती बुंदी. डोळे केव्हा मिटले समजलं नाही. झोपेत मले सपन पडलं. त्या वर्षी बायको गाय घेऊ म्हणून मागे लागली होती, तर सपनात गाय माझ्या अंगणात उभी, पांढरी, अन् मी तिले चारा घालून राहिलो. तेवढ्यात गाडी उडाली, माझं डोकं दांडीवर आपटलं, अन् तोंडातून जे आत होतं तेच बाहेर पडलं. गाय! पुढे वाचवली कोण म्हणालं ते मले माहीत नाही. मी म्हणालो असेन, नोकरीच्या भीतीनं. मले वाटलं, तू खरोखर काहीतरी वाचवलं, अन् मी झोपेत होतो म्हणून मले दिसलं नाही.

म्हणून शाल तुले भेटली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे लक्षात ठेव.

आता पुढचं ऐक. काल मी उमरेडला गेलो. लग्नातले दोघं-तिघं अजून आहेत. वासरू पाहणारी म्हातारी वारली, पण तिचा लेक आता उमरेडलाच राहते, तोही होता त्या गाडीत. मी त्याले तुझं अन् माझं, दोन्ही सांगितलं. तो लाजला. मग म्हणाला की काका, आता लपवायचं काय, आम्ही समदे झोपलो होतो. माय पण. उतरल्यावर तुम्ही म्हणाले गाय, तर न पाहिलेलं बरं दिसत नाही म्हणून पाहिली.

म्हणजे ड्रायव्हर झोपलेला, कंडक्टर झोपलेला, अन् बेचाळीसच्या बेचाळीस सवाऱ्या झोपलेल्या. रस्ता सोडून गाडी वावरात उतरली, बाभळीच्या हातभर आधी उभी राहिली, अन् कोणाच्या अंगावर ओरखडा नाही.

तू बरा झाला की मी येतो. दोघं मिळून विचार करू. तोवर माझ्यावरची माया कमी करू नको, ती अर्धी त्या गायीच्या भरवशावर होती हे मले माहीत आहे. पण चंपत, सारखं मनात येते म्हणून विचारतो, मग त्या दिवशी गाडी थांबवली कोणी?

तुझाच,
गिरिधर